डेकखाली वाकून बघ

अगं, फोटो पोचले. घर देखणं आहे, त्यात वादच नाही. लाँग बीच आयलंडसारख्या ठिकाणी, समुद्रापासून दुसऱ्याच गल्लीत, तेही तुमच्या बजेटमध्ये मिळालं म्हणजे नशीबच काढलंस. आणि तो डेक! राखाडी कंपोझिटच्या नव्या कोऱ्या फळ्या, पांढरं रेलिंग, कोपऱ्यात झोपाळा. इतके फोटो पाठवलेस, पण डेकच्या खालून काढलेला त्यात एकही नाही. ब्रोकरनं दाखवला नसेलच, आणि इन्स्पेक्शनच्या रिपोर्टात डेकवर जेमतेम दोन ओळी आहेत, हे तूच परवा म्हणालीस.

आता म्हणशील, झालं, ताईनं आनंदात मिठाचा खडा टाकला. मी कशाला टाकू? तिथे समुद्रच रात्रंदिवस टाकतोय. इथे कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर घरं तपासत फिरणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, म्हणून सख्ख्या बहिणीला चार गोष्टी मोकळेपणानं सांगते. गणपतीला सगळ्या गोतावळ्याला तिकडे बोलवायचा बेत तू आखला नसतास, तर कदाचित इतक्या घाईनं लिहिलंही नसतं.

आमच्याकडे एमराल्ड आइल म्हणून गाव आहे. 2015च्या 4 जुलैला तिथे समुद्रालगतच्या एका घरात एक मोठं कुटुंब सुट्टीसाठी उतरलं होतं. ग्रुप फोटो काढायला सगळे डेकवर जमले आणि डेक खाली आला. वीसहून जास्त माणसं जखमी झाली. नाचगाणं नव्हतं की वादळ नव्हतं, माणसं फोटोसाठी नुसती उभी होती. पुढे कारण सांगितलं गेलं ते गंजलेल्या खिळ्यांचं. तुमच्या न्यू जर्सीतही 2019च्या सप्टेंबरात वाइल्डवूडला अग्निशमन दलाच्या लोकांचा वार्षिक मेळावा चालू असताना एका घराचे एकावर एक असलेले डेक कोसळले होते, आठवतं? तिथेही जखमी वीसच्या वर गेले. डेक पडतो तो बहुतेकदा माणसं भरल्यावर. रिकामा असताना तो वर्षानुवर्षं निमूटपणे उभा असतो, आणि त्यामुळेच आपण गाफील राहतो.

आपल्याला वाटतं, समुद्राकाठी लोखंडाचं वाटोळं पाऊसपाण्यानं होतं. खरं तर उलटं आहे. लाटा फुटतात तिथे खारे तुषार हवेत उडतात, आणि वारा ते घरादारावर आणून बसवतो. वरच्या बाजूला, उघड्यावर बसलेलं मीठ पाऊस धुऊन नेतो. डेकच्या खाली पाऊस पोचत नाही, पण खारा वारा मात्र बिनदिक्कत पोचतो. मीठ बसतं ते बसतंच, थरावर थर चढतो. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. साध्या मिठाला त्यासाठी पंचाहत्तर टक्के आर्द्रता लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यांना त्याहून बरीच कमी पुरते. म्हणजे महिनाभर पाऊस नसला तरी खालचं लोखंड ओलंच. वरचं रेलिंग ठणठणीत आणि खालचे हँगर, म्हणजे तुळया धरून ठेवणारे पत्रे, चाळणी झालेले, असं मी कितीतरी घरांत पाहते. वरून कीर्तन, आतून तमाशा.

कोकणात आपल्या हर्णैच्या घरी बघ ना. पागोळ्यांखाली भिजणाऱ्या खिडकीच्या गजांपेक्षा पडवीच्या आतल्या कोरड्या बिजागऱ्या आधी जायच्या, आणि बाबा दरवर्षी नेमाने गजांनाच रंग देत बसायचे!

अंतराचाही हिशोब आहे. विल्मिंग्टनजवळ कुरे बीचला 1935पासून धातू समुद्राच्या वाऱ्यावर टांगून ठेवून गंज मोजतात. तिथे काठापासून सुमारे 25 मीटरवर मांडण्यांची एक रांग आहे आणि 250 मीटरवर दुसरी. तेच पोलाद पुढच्या रांगेत मागच्यापेक्षा कितीतरी पटींनी लवकर खलास होतं. काठापासूनचे पहिले तीनशे फूट सगळ्यात वाईट. म्हणून अमेरिकेच्या अलीकडच्या निवासी बांधकाम संहितेत खाऱ्या पाण्यापासून तीनशे फुटांच्या आत असलेल्या डेकचे खिळे, स्क्रू, हँगर स्टेनलेसचेच हवेत असं लिहिलंय. पण ते नव्या बांधकामाला. तुझा डेक जुना आहे. त्याला कुणी विचारत नाही. आणि तीनशे एकाव्या फुटावर मीठ काही पाटी वाचून मागे फिरत नाही. तुमचं बेट तर एवढं चिंचोळं की एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बार्नेगॅटची खाडी. लाटा फुटतात त्या समुद्राच्या अंगाला, म्हणून जास्त मार तिकडूनच.

त्यातून तुझं घर सँडी वादळानंतर उचललेलं, खांबांवर चढवलेलं. 2012च्या ऑक्टोबरात सँडी ब्रिगँटाइनजवळ किनाऱ्याला लागलं, त्यानंतर तिकडे अशी शेकडो घरं उचलली गेली. पुरापासून घर वाचलं हे खरंच, पण खाली जी मोकळी जागा झाली, जिथे तुम्ही गाडी लावता, सायकली ठेवता, तिथे नेमकी हीच अर्धवट झाकलेली स्थिती तयार होते. वारा आरपार जातो, पाऊस येत नाही. त्यात भोवती लाकडी जाळी ठोकलेली दिसतेय फोटोत. दिसायला छान, पण मीठ आत येतं, ऊन येत नाही, वाळणं होत नाही, आणि माणूस वाकून बघतही नाही. माझं ऐकशील तर एका बाजूची जाळी बिजागरीवर उघडती करून घे.

आता मुद्द्याचं. डेक उभा असतो खांबांवर हे अर्धंच खरं. बहुतेक डेकची एक बाजू घराला टेकलेली असते. घराच्या भिंतीला एक जाड आडवी फळी ठोकलेली असते, तिला लेजर म्हणतात, आणि डेकच्या तुळया, म्हणजे जोइस्ट, पत्र्याच्या हँगरांनी त्या फळीला अडकवलेल्या असतात. डेकचा साधारण अर्धा भार त्या एका फळीवर. ती नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली असेल तर खिळे हळूहळू बाहेर सरकतात, आणि गंजलेले असतील तर सरकायलाही थांबत नाहीत, तुटतात. डेक घरापासून सुटून खाली येतो तो इथेच. तुझ्या लेजरला आरपार बोल्ट आहेत का, मागे नट-वॉशर आहेत का, हे मला सगळ्यात आधी कळायला हवं. नुसते खिळे निघाले तर बाकीचं वाचायचीही गरज नाही. बोल्ट बसेपर्यंत डेकवर कुणालाही पाठवू नकोस. लेजरच्या डोक्यावर पाणी अडवणारी पट्टी, फ्लॅशिंग, हवी. ती नसेल तर पाणी फळीच्या मागे मुरतं, आणि मग गंज आणि कूज हातात हात घालून चालतात. ती पट्टी अॅल्युमिनियमची असेल तरी सांग. आजकालच्या औषधी लाकडात तांबं असतं, आणि त्याला टेकलेलं अॅल्युमिनियम भोकाभोकांचं होतं.

या तांब्याचीही एक गंमत आहे. गंमत कसली, डोकेदुखी. 2003 संपेपर्यंत इथे घरगुती कामाच्या लाकडाला क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं औषध देत. आर्सेनिकच्या भीतीनं ते घरगुती वापरातून गेलं, ते योग्यच झालं. पण त्याजागी जी नवी औषधं आली त्यांत तांबं कितीतरी जास्त. ओल्या लाकडात ते तांबं हँगरच्या जस्तावर चढतं आणि जस्त खाऊन टाकतं. दुकानात मिळणाऱ्या साध्या हँगरवर जस्ताचा थर असतो प्रत्येक बाजूला जेमतेम 20 मायक्रॉन, आपल्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. दुप्पट जाड थराचे हँगरही मिळतात, पण 2004च्या आगेमागे नवं लाकूड आणि जुन्या पद्धतीचे हँगर अशी जोडी जमलेले डेक बरेच असणार. तुझा डेक कोणत्या वर्षी बांधला? गावाच्या बांधकाम खात्यात परमिटचा कागद मिळेल, तो काढ. आणि घर उचललं तेव्हा डेक नवा केला की जुनाच पुन्हा जोडला, तेही विचार. फळ्या नव्या आहेत म्हणून सांगाडा नवा, असं धरून चालू नकोस. विकायच्या आधी वरच्या फळ्या बदलणं ही इकडची नेहमीची रंगरंगोटी आहे.

एका शनिवारी जावईबापूंना घेऊन जा खाली. चांगली बॅटरी घे, एक पेचकस, एक लहान हातोडी, चष्मा घाल. वर कुणी नको. कुठे तुळई खाली झुकलेली दिसली, तर तिच्याखाली उभी राहू नकोस, तिथूनच परत फीर. हँगरवर पांढरी पूड दिसली तर जस्त जायला लागलंय, म्हणजे अजून वेळ आहे. तांबूस तपकिरी झालं असेल तर जस्त संपून पोलाद लागलंय. आणि पेचकसानं खरवडल्यावर पापुद्रे सुटत असतील, तर तो हँगर आता नुसता नावाला आहे. बघायची जागा हँगरची कूस, म्हणजे तुळई जिथे त्याच्यात बसते तो खालचा कोपरा. तिथे मीठ, धूळ, कोळिष्टकं, सगळं साचतं. बाहेरचा पत्रा चकचकीत आणि कूस सडलेली, हे सर्रास.

पण खरा चोर खिळा. त्याचं डोकं दिसतं ते ठीकठाक असतं. मागच्या वर्षी एका घरात मी सुताराकडून हँगरचा एक खिळा उपसून घेतला. डोकं शाबूत, टोकही शाबूत, दोन्हीवर जस्ताची राखाडी चमक. आणि मध्ये, जिथे लेजर आणि पत्रा एकमेकांना भिडतात तिथे, खिळ्याची कंबर काडेपेटीतल्या काडीएवढी उरलेली. बोटांनी वाकवला तर मोडला. भोवतीचं लाकूड काळंठिक्कर पडून नखानं खरवडेल इतकं मऊ. लोखंड गंजतं तेव्हा ते फुगतं, लाकडाला आतून चिरतं, आणि गंजानं लाकडाचा कसही जातो, म्हणून खिळा जिथे धरून राहायचा ती मूठच सैल होते. तेव्हा खिळ्याच्या भोवती काळा डाग किंवा तळाशी ओघळ दिसला, की तपासणाऱ्याला सांगायचं, इथला एक काढून दाखव. नुसतं बघून पास करणाऱ्याला फी देऊ नकोस. लेजर आणि भिंत यांच्यात आधी नव्हती अशी फट दिसली, किंवा रेलिंगचा खांब हातानं हलवल्यावर डुगडुगला, तर त्याच दिवशी दार बंद कर आणि चावी तुझ्याकडे ठेव.

तू विचारशील, मग सगळं स्टेनलेस करून टाकू का? बदलायचंच असेल तर हो, आणि 316 नंबरचंच. 304 आणि 316 दिसायला सारखेच. फरक मॉलिब्डेनमचा, 316 मध्ये ते दोन ते तीन टक्के असतं आणि खारेपणाशी तेच लढतं. चुंबक लावून कळत नाही, खोक्यावरचा नंबर वाचावा लागतो, बिल जपून ठेवावं लागतं. आणि अर्धवट बदल करू नकोस. स्टेनलेसच्या हँगरात जस्ताचे खिळे ठोकले, तर ते बिचारे खिळे सगळ्या हँगरची किंमत चुकवतात आणि आधीपेक्षा लवकर जातात. हँगर आणि खिळे एकाच धातूचे, हा नियम सुतारासमोर दोनदा म्हण. चकाकणारे, स्वस्तातले, नुसतं पातळ जस्त चढवलेले स्क्रू तर समुद्राच्या मैलभर आसपासही आणू देऊ नकोस. स्टेनलेसवर पुढे कधी चहासारखे डाग पडले तर घाबरू नकोस, ते वरवरचे असतात, गोड्या पाण्यानं आणि मऊ ब्रशानं जातात. तारेची घासणी वापरायची नाही, तिचे तुकडे रुततात आणि तेच गंजतात.

महाग पडेल, माहीत आहे मला. पण त्या राखाडी फळ्यांवर आधीच्या मालकानं जो खर्च केला असेल, त्याच्या पुढे हँगर आणि बोल्ट म्हणजे किरकोळ. लोक पायाखाली दिसतं त्यावर खर्च करतात. पायाला धरून ठेवतं ते खोक्यातलं सर्वात स्वस्त. मला याचा अजूनही राग येतो.

नेहमीची देखभाल सोपी आहे, पण नेमानं हवी. बागेच्या नळीनं गोडं पाणी खालून वर मार. वरून नको, वरचं पाऊस बघून घेतो. महिन्यातून एकदा, आणि प्रत्येक वादळानंतर. हँगर, बोल्टची डोकी, जिन्याच्या कानफळ्यांचे जोड, सगळीकडे. जोरदार प्रेशरचं यंत्र नको. लाकडाचे तंतू उसवतात आणि मीठ उलट फटीत घुसतं. शेवाळ घालवायला ब्लीचवालं क्लीनर वापरू नकोस, मिठासारखं त्यातही क्लोरिन आहे. धुण्यानं जाणारं लांबतं, गेलेलं परत येत नाही, आणि लाकडाच्या आतल्या खिळ्यापर्यंत तर नळी पोचतच नाही. एवढं ध्यानात ठेव, नाहीतर धुतेय म्हणून निर्धास्त होशील.

आणि हिवाळ्यात! एडिसनच्या घरासमोर तुम्ही पोत्यानं जे बर्फ वितळवायचं मीठ टाकता, ते बेटावरच्या डेकवर अजिबात नाही. कॅल्शियम क्लोराइड काय आणि साधं मीठ काय, फळ्यांच्या फटींतून ते थेट हँगरवर गळतं. समुद्र टाकतोय तेवढं पुरे आहे. घसरायची भीती वाटली तर वाळू पसर, तिथे वाळूला काय तोटा.

झाडांच्या जड कुंड्या आणि गालिचे लेजरच्या बाजूनं काढ, खाली ओल धरून बसतात. हॉट टबचं मनात असेल तर आत्ताच सांगते, नको. दीड हजार लिटर पाणी म्हणजे दीड टन, वर टब आणि टबातली माणसं वेगळीच.

आता गणपतीचं. पंचवीस माणसं, सरासरी सत्तर किलो धर, पावणेदोन टन होतात. नीट बांधलेल्या, तपासलेल्या डेकला ते जड नाही. संहितेत दर चौरस फुटाला 40 पौंड धरलेले असतात, आणि तुझा डेक लहान नाही. पण आपली माणसं आरतीला पसरून उभी राहत नाहीत, एका बाजूला लोटतात, टाळ्या वाजवतात, पोरं उड्या मारतात. म्हणून तपासणीचा कागद हातात येईपर्यंत आरती दिवाणखान्यात. ग्रुप फोटो वाळूवर काढा, उजेडही चांगला मिळतो. उन्हाळ्यात भाड्यानं देशील तेव्हा एका वेळी डेकवर किती माणसं, याची पाटी इंजिनिअरला विचारून लाव आणि भाडेकरारातही तो आकडा घाल. पाहुणे वाचत नाहीत म्हणतेस? न वाचोत. तुझ्याकडून चूक नको.

कायदा आपल्याला सांभाळेल या भरवशावर राहू नकोस. फ्लोरिडात 2021च्या 24 जूनला सर्फसाइडची इमारत पडली, 98 माणसं गेली. पहिल्यांदा खचला तो तळमजल्यावरचा पोहण्याच्या तलावाभोवतीचा काँक्रीटचा डेक. तीन वर्षं आधी एका इंजिनिअरनं तिथलं पाणी मुरून स्लॅबचं मोठं नुकसान झालंय असं लिहून दिलं होतं. तिथली कारणं अनेक आहेत, डिझाइनमधलीही, नुसत्या गंजावर ढकलून चालणार नाही. पण लिहून दिलेलं कपाटात पडून राहिलं तर काय होतं ते दिसलं. त्यानंतर न्यू जर्सीनं जानेवारी 2024 मध्ये अशा तपासणीचा कायदा केला, तो काँडो आणि को-ऑपच्या इमारतींसाठी. तुझं स्वतंत्र घर त्यात येत नाही. तुझी तपासणी तूच मागवायची.

त्यासाठी घर विकत घेतानाचा इन्स्पेक्टर पुरत नाही. न्यू जर्सीचं लायसन्स असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठ, किनाऱ्यावरची घरं बघणारा. इथे मे महिना डेक तपासणीचा म्हणून पाळतात, तेव्हा मेमोरियल डेच्या आधी अशा इंजिनिअरांकडे झुंबड असते. आत्ता फोन केलास तर लवकर वेळ मिळेल. त्याच्याकडून सही-शिक्क्याचं पत्र घे, विमा कंपनीला एक प्रत पाठव.

दुरुस्तीचं कोटेशन आलं की सही करायच्या आधी मला पाठव. त्यात नुसतं ‘गॅल्व्हनाइज्ड हार्डवेअर’ एवढंच लिहिलेलं असेल, तर परत पाठवून दे. कोणता धातू, कोणता नंबर, हँगर किती, खिळे कोणते, लेजरला बोल्ट किती आणि किती जाडीचे, हे सगळं ओळीनं लिहून माग. कटकट करतेस म्हणून तो सुतार तोंड वाकडं करेल. करू दे.